इंकस्केपला दोनच फोल्डर: फ्लेक्सच्या दुकानातला माझा अनुभव

शाहूपुरीत फ्लेक्सच्या कामाला गिऱ्हाईक फाईल पेनड्राइव्हवरच आणतं. तालीम मंडळ, वाढदिवस, उद्घाटन. तो पेनड्राइव्ह आधी कुठकुठल्या मशीनला लागलाय कोण सांगणार? आणि त्याच कॉम्प्युटरवर जीएसटीची बिलं असतात. म्हणून लिनक्सवर फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणात ठेवून चालवायची सोय) टाकलेल्या इंकस्केप या डिझाईनच्या प्रोग्रामच्या परवानग्या आवळायच्या ठरवल्या.

फ्लॅटसील हा परवानग्या बदलायचा प्रोग्राम उघडून डावीकडे इंकस्केप निवडलं. ‘फाईलसिस्टम’मध्ये ‘होस्ट’ सुरू होता, म्हणजे अख्खा होम फोल्डर वाचायलाच नव्हे, लिहायलाही खुला. एखाद्या खोडसाळ फाईलमुळे बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना आपोआप चालणारी फाईल) एक ओळ जरी घुसली, तरी पुढच्या वेळी टर्मिनल उघडताच ती सँडबॉक्सच्या बाहेर चालते. मग सँडबॉक्सला अर्थच उरत नाही. होस्ट बंद केला, नेटवर्कही बंद केलं. त्यानंतर इंकस्केप पूर्ण बंद करून परत उघडावं लागतं. चालू असलेल्याला जुन्याच परवानग्या राहतात.

अडचण लगेच आली. फाईल मॅनेजरमधून एसव्हीजीवर, म्हणजे डिझाईनच्या फाईलवर, डबल क्लिक केलं, डिझाईन उघडलं, पण फोटोंच्या जागी तुटक्या चित्राची खूण. फाईल धड होती. होस्ट नसताना डॉक्युमेंट पोर्टल (बाहेरची फाईल सँडबॉक्सच्या आत देणारी खिडकी) तेवढी एकच फाईल आत देतं. लिंक केलेले फोटो, म्हणजे डिझाईनमध्ये ज्यांचा नुसता पत्ता असतो ते, शेजारी पडलेले असले तरी आत येत नाहीत. फोटो एम्बेड केले, म्हणजे एसव्हीजीतच भरले, तर दिसतात, पण प्रत्येक फोटो साधारण एक तृतीयांशाने जड होतो. दहा-बारा चेहऱ्यांच्या फ्लेक्सला ते परवडत नाही.

म्हणून ‘इतर फाईल्स’मध्ये दोन ओळी टाकल्या: ~/कामं आणि ~/लोगो. लोगोच्या पुढे कोलन देऊन इंग्रजी छोट्या लिपीत ‘आरओ’, म्हणजे फक्त वाचायचं. पेनड्राइव्हला परवानगी मुद्दाम दिली नाही. एसव्हीजी आणि फोटो, सगळं आधी कामंमध्ये कॉपी करायचं, मग उघडायचं. घाईत ही पायरी जाचक वाटते, तरी ती मला पटते. मराठी फॉन्टसाठी काहीच करावं लागलं नाही. स्वतः टाकलेले फॉन्टही फ्लॅटपॅक आत वाचायला देतं.

लॉगिनच्या वेळी वेलँड (स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी नवी व्यवस्था) निवडलंय ना, तेही बघा. जुन्या एक्स११वर एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाईप होणारं वाचता येतं, मग फोल्डर कितीही आवळा.

काम अडलं तर फ्लॅटसीलचं ‘रीसेट’ दाबू नका, होस्ट पुन्हा सुरू होतो. जो फोल्डर अडलाय तेवढाच यादीत वाढवा.