आमची वाटचाल : भवानी पेठेतील वखार आणि दूरची जंगले

पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये वडिलांनी 1971 साली वखार सुरू केली, तेव्हा आमच्याकडे येणारा बहुतेक साग चंद्रपूर, आलापल्ली आणि मध्य प्रदेशातला असे. जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या नावावरून व्यापारात त्याला आजही ‘सीपी साग’ म्हणतात. वडील बल्लारपूरच्या लिलावाला स्वतः जात आणि ओंडक्याच्या टोकावर पाणी मारून गाभ्याचा रंग पाहिल्याशिवाय बोली लावत नसत.

1988 च्या राष्ट्रीय वननीतीने नैसर्गिक जंगल हे उद्योगांच्या कच्च्या मालासाठी नाही, असे स्पष्ट केले होते. मात्र आमच्या वखारीला त्याची झळ बसली ती 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने. केंद्राने मंजूर केलेल्या कार्ययोजनेशिवाय जंगलातील तोड थांबली आणि ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी आली. आसामहून येणारे आमचे प्लायवूड बंद झाले. प्लायवूडची सोय पुढे यमुनानगरच्या कारखान्यांनी केली, कारण तिथे शेतकऱ्यांनी लावलेला, झटपट वाढणारा पॉप्लर हाताशी होता. सागाचे तसे नव्हते; चौकटीच्या लायकीचा साग तयार व्हायला अनेक दशके जातात. म्हणून आम्हीही इतरांप्रमाणे मुंबईच्या आयातदारांकडून बर्मा साग, म्हणजे म्यानमारचा साग, घेऊ लागलो.

त्या काळात धंदा चांगला चालला, हे मला मान्य केले पाहिजे. परंतु आपले जंगल वाचवताना आपण कोणाचे जंगल विकत घेत आहोत, हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. 1988 च्या पुरानंतर थायलंडने जानेवारी 1989 मध्ये वृक्षतोड बंद केली आणि तेथील व्यापारी म्यानमारच्या जंगलाकडे वळले. यांगत्से नदीच्या 1998 च्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोड आवरली आणि त्याची खरेदी रशियापासून म्यानमारपर्यंत पसरली. भारताची वाटही तीच होती. मागणी कमी न करता एका देशाने तोड थांबवली, की तिचा भार कायदा ढिला असलेल्या शेजाऱ्यावर पडतो, हे आम्ही आमच्याच खरेदीच्या वह्यांत पाहिले.

1 एप्रिल 2014 पासून म्यानमारनेच अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्याआधीचे काही महिने भाव सतत चढत होते. कोथरूडमधील एका गृहप्रकल्पाच्या दारांच्या चौकटींचा दर मी आधीच लिहून दिला होता. तो पाळताना त्या वर्षीचा सगळा नफा गेला. पुढे घाना आणि इक्वेडोरमधील लागवडीचा साग आला. कोवळ्या झाडाच्या ओंडक्यात कडेचे पांढरे लाकूड जास्त आणि गाभा कमी असतो, त्यामुळे कापणीत बराच माल वाया जातो, आणि पांढऱ्याला वाळवीही लवकर लागते. शिवाय हॉपस पद्धतीने (घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी) मोजलेला ओंडका प्रत्यक्ष घनफळापेक्षा सुमारे 21 टक्के कमी भरतो, म्हणून दोन पुरवठादारांच्या दरांची तुलना करण्याआधी दोघांची मोजणी कोणत्या पद्धतीची आहे, हे विचारावेच लागते. एका पुरवठादाराने पुरेसा न वाळवलेला माल पाठवला आणि आम्ही तो न तपासता वापरला. पावसाळ्यानंतर वाकलेल्या चौकटी आम्ही स्वखर्चाने बदलून दिल्या. तेव्हापासून ओलावा मोजल्याशिवाय माल करवतीला लावत नाही.

2021 च्या लष्करी सत्तांतरानंतर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. भारतात तशी बंदी नाही, तरीही आम्ही बर्मा साग घेणे थांबवले. काही जुनी गिऱ्हाइके त्यामुळे दुसरीकडे गेली, आणि त्याचे मला वाईट वाटले. ती उणीव काही प्रमाणात पेठांतील वाड्यांच्या जुन्या सागाने भरून निघते. त्या तुळयांतले लोखंडी खिळे शोधून काढण्यात मजुरी खूप जाते, पण आत निघणारे लाकूड पाहिले की ती मजुरी सार्थकी लागली असे वाटते. बल्लारपूरच्या लिलावाला आता माझी मुलगी जाते. प्रत्येक बिलावर आम्ही लाकडाचा देश आणि ते जंगलातले, लागवडीचे की वाड्यातले, हे लिहितो. बहुतेक लोक ती ओळ वाचत नाहीत. सुतार मात्र हल्ली माल उचलण्याआधी ती विचारून घेतात.