आमची वाटचाल: पेरिगोरचे चढ आणि छत्तीस तारांची चाकं

२०१२ मध्ये आम्ही फ्रान्सच्या दोर्दोन्य खोऱ्यात सायकल सहली सुरू केल्या, तेव्हा पुण्यात जो तो विचारायचा: आल्प्स सोडून हे काय काढलंत? आल्प्सचा हिशोब सोपा असतो. एक घाट दोन तास चढायचा, मग उतरायचा. दोर्दोन्यच्या या पेरिगोर भागात उंची अशी फारशी कुठेच नाही, पण नदीकाठावरून चुनखडीच्या पठारावर आणि पठारावरून परत नदीला, हे दिवसभर चालूच. दोन-अडीच किलोमीटरचा चढ, त्यात मध्येच दहा-बारा टक्क्यांचा टप्पा, उतार, पूल, पुन्हा चढ. पंचावन्न किलोमीटरच्या दिवसात आठशे मीटर कधी जमा झाले ते कळतही नाही. नेमाने सिंहगड चढणारी मंडळी इथे तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात. दोष गुडघ्याचा नसतो, गिअरचा असतो.

पहिल्या वर्षी सायकली तिथल्याच एका भाडेदुकानातून घेतल्या. बोलणं पुढे तीन चेनव्हील असलेल्या सायकलींचं झालं होतं. प्रत्यक्षात आल्या त्या पुढे ५०-३४, मागे ११-२८ (हे आकडे चकत्यांच्या दातांचे). काचेवर ‘टूरिंग’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दुकान, आणि त्यांना यात काही वावगं दिसेना. ३४ ला २८ हा त्यातला सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण २.६ मीटर. मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर ताशी साडेनऊ किलोमीटरचा वेग हवा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर दहा टक्के चढावर नुसतं वर जायलाच २२० वॅट लागतात. पन्नाशीतला हौशी माणूस एवढा जोर काही मिनिटं लावतो, मग फेरे चाळिसावर येतात आणि सगळा ताण गुडघ्यावर. पुढे २६, मागे ३४ घ्या: एका फेऱ्यात १.६५ मीटर, वेग ताशी सहा, जोर १४० वॅटच्या आत. सहाच्या वेगाला सायकल डुगडुगते म्हणून बघणारे हसतात. हसू द्या.

या हिशोबाचा निकाल दोम या उंचावरच्या गावाला लागतो. नदीवरच्या सेनाकच्या पुलापासून गाव जवळपास दीडशे मीटर वर. १२८१ मध्ये राजा तिसऱ्या फिलिपने वसवलेलं, तटबंदीचं. तिथल्या जुळ्या बुरुजांच्या वेशीत भिंतींवर क्रूस आणि आकृत्या कोरलेल्या आहेत. १३०७ नंतर पकडून आणलेल्या टेंप्लर (क्रूसेडमधल्या धर्मयोद्ध्यांचा संघ) सरदारांनी त्या कोरल्या असं सांगतात. आत जायचं तर मार्गदर्शकासोबतची वेळ आधी घ्यावी लागते. धापा टाकत, वेळ चुकवून वर पोचणाऱ्याला वेशीबाहेरचं बाकडं मिळतं.

दुसऱ्या वर्षी स्वतःच्या सायकली घेतल्या. पुढे ४८-३६-२६, मागे ११-३४, टायर ३५ मिलिमीटर, दोन्ही चाकांना ३६ तारा. यात आमचे खरे भागीदार नारायण पेठेतले सायकल मिस्त्री काका. कागदावर भागीदारी कधीच नव्हती, पण त्यांच्या हाताखालून न गेलेलं चाक आम्ही रस्त्यावर आणलं नाही. यंत्राने बांधलेलं नवं चाक दिसायला सरळ असतं, पण तारांचा ताण सारखा नसतो. ढिली तार प्रत्येक फेऱ्याला सैल पडते, परत ताणली जाते, आणि काही शे किलोमीटरनंतर हबजवळच्या वळणात तुटते. तुटते तीही बहुधा मागच्या चाकाची, बहुधा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याच्या) बाजूची, म्हणजे कॅसेट उतरवल्याशिवाय नवी घालता येत नाही. काका आउट काढायच्या आधी दोन-दोन तारा एकत्र मुठीत दाबून बसवायचे, मग एकेक तार बोटाने छेडून आवाज ऐकायचे. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जुळला की चाक तयार. ताण मोजायचं यंत्र आम्ही त्यांना आणून दिलं होतं. ते त्यांनी खुंटीला टांगून ठेवलं.

२०१४ ते २०१९ बरी गेली.

२०२० ची हॉटेलं नेहमीप्रमाणे जानेवारीत आगाऊ पैसे भरून धरली होती. १७ मार्चला फ्रान्स बंद झाला, आठवड्याभरात भारतातली आंतरराष्ट्रीय विमानंही थांबली. आणि २५ मार्चला फ्रेंच सरकारने वटहुकूम काढला: रद्द झालेल्या मुक्कामाचे पैसे परत न देता हॉटेल अठरा महिन्यांची क्रेडिट नोट देऊ शकतं. तिथल्या छोट्या हॉटेलवाल्यांसाठी ते योग्यच होतं, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण पुण्यातल्या ग्राहकाला कुठला वटहुकूम? त्याला रोख परतावा हवा, आणि त्याचे पैसे पेरिगोरमधल्या सार्ला गावच्या हॉटेलात अडकलेले. दोन्हीकडून आम्हीच. कोथरूडचं ऑफिस सोडलं, निम्म्या सायकली तिथल्या तिथे पडेल भावात विकल्या, उरलेल्यांच्या जिवावर बँकेकडे गेलो तर परदेशातल्या सायकली तारण चालत नाहीत असं उत्तर. ऑक्टोबरात परदेश सहलींवर ५ टक्के टीसीएस (सहल विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच कापून घ्यायचा कर) आला, तोही त्याच वर्षी मुहूर्त साधून. (२०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांवरच्या रकमेला तो २० टक्के झाला, तेव्हा ग्राहकांना कर परत कसा मिळतो हे समजावण्यात एक माणूस गुंतला.)

उरलेल्या सायकली अक्रोड वाळवण्याच्या एका कोठारात पडून होत्या. धंद्यातल्यांसाठी लिहून ठेवतो: दोन वर्षं उभी सायकल चालवलेल्या सायकलपेक्षा जास्त खराब होते. जमिनीला टेकलेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीला चिरा पडतात. मागच्या चाकाच्या फ्रीहबमधलं ग्रीस घट्ट होऊन दात वेळेवर उचलत नाहीत, आणि चढावर जोर देताच पायडल पोकळ फिरतं. ब्रेकच्या केबलमध्ये गंज धरतो, तो बाहेरून दिसत नाही. सायकल टांगून ठेवा, साखळी तेलात भिजवून ठेवा, आणि परत काढताना पूर्ण ओव्हरऑइलिंग करा; नुसती हवा भरून चालत नाही.

२०२० मध्ये परताव्यासाठी ज्यांचा फोन आला नाही अशा सांगलीच्या एक बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या. उलट त्यांनीच विचारलं, “पैसे राहू देत, पण माझं सीट तेच ठेवलंय ना?” त्यांचं सीट म्हणजे कातडी, त्यांच्या मापाला बसलेलं, आम्ही वेगळं काढून ठेवायचो. २०२२ मध्ये आल्या. दोमच्या चढावर त्या कधीही उतरत नाहीत आणि कुणाच्याही पुढे जात नाहीत. तरुण मंडळी धाप टाकत कडेला उभी असतात तेव्हा त्या तशाच सहाच्या वेगाने शेजारून जातात.

त्याच वर्षी मुंबईच्या एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीने ‘आमचा खास शोध’ म्हणून पेरिगोरची सायकल सहल आणली. २०१९ मध्ये हेच लोक एकत्र काम करू म्हणून आले होते आणि आमची मार्गपत्रकं ‘बघायला’ घेऊन गेले होते. पत्रक आमचंच, हे ओळखायला वकील लागला नाही. आमची सहल रविवारी सुरू होते, म्हणून दुसऱ्या दिवसाखाली आम्ही लिहितो: सोमवार, गावातली बेकरी बंद, पाव आदल्या दिवशी घ्या. त्यांची सहल गुरुवारी सुरू होते. तरीही त्यांच्या पत्रकात दुसऱ्या दिवशी बेकरी बंद! शुक्रवारी उघड्या बेकरीसमोरून लोक शिळा पाव घेऊन गेले म्हणे. बेनाकजवळची सूचनाही तशीच उचलली. तिथे नदीकाठचा डी ७०३ रस्ता कडा आणि पाणी यांच्यात अडकलेला आहे, वळणरस्त्याचं काम २०१८ च्या डिसेंबरात न्यायालयाने थांबवलं, त्यामुळे गर्दीत तिथे सायकल नको. आम्ही कास्तेलनोच्या पुलावरून दक्षिण काठाला नेतो. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक आणि कास्तेलनो हे दोन्ही किल्ले समोरासमोर उभे ठाकले होते, आणि बेनाकचा किल्ला खरा दिसतो तो याच काठावरून. वाट त्यांना मिळाली, पण सायकली भाड्याच्याच, ५०-३४ वाल्या. त्यांचे दोन ग्राहक पुढच्या वर्षी आमच्याकडे आले, गुडघ्याला पट्टा बांधून.

आता जे स्वतःचं स्वतः जाणार आहेत त्यांच्यासाठी. मे-जून किंवा सप्टेंबर, ऑगस्ट नको. फ्रान्समधल्या सायकलला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो आणि आपल्या स्कूटरला उजव्या. उतारावर घाबरून डावा दाबलात तर मागचं चाक उचलतं, म्हणून पहिली संध्याकाळ सपाट रस्त्यावर घालवा. सार्लाहून निघणारा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता त्यासाठीच आहे. उन्हाळ्यात ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की वेग आधीच कमी करा; डांबरावर सुटी खडी टाकलेली असते, वळणात ब्रेक लावाल तर आडवे व्हाल. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान गाठा, दाराशी नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, मोंतिन्याक गावाला २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती बघायची, तिच्या तिकिटावर वेळ छापलेली असते; वेझेर नदीच्या खोऱ्यातून जाताना वाऱ्यासाठी तासभर हातात ठेवा. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट कायद्याने सक्तीचं आहे.

आणि शाकाहारी मंडळींनो, ‘पोम सार्लादेझ’ हे बटाटे दिसायला निरागस असले तरी बदकाच्या चरबीत परततात. वेटर तुम्हाला ‘मांस नाही’ असंच सांगेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. चरबीचं वेगळं विचारा, नाहीतर आळंब्यांचं ऑम्लेट, तेही नको असेल तर अक्रोड घातलेलं सॅलड आणि रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज घ्या.