दुसरा गिअर पडेना, म्हणून ब्रेक गेले

चैत्रात वणीच्या गडाच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्या आमच्या नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या गॅरेजला हमखास येतात. लायनर, क्लच, नेहमीचीच कामं. ही सात सीटर डिझेल गाडी मात्र वेगळीच तक्रार घेऊन आली. नांदुरीचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं. हँडब्रेक ओढून, गाडी डोंगराच्या कडेला घासत कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने बघतात तर पेडल पूर्ववत! दुसऱ्या एका गॅरेजने ड्रायव्हरला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलवर देणारा पंप, बदलायला सांगितला होता.

मी इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं. मास्टरची रबरं गेली असती तर पाय हळूहळू खाली गेला असता. पेडल जागचं हललं नाही. चारही चाकांना कुठे गळती नाही. मग ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल. "कधी बदललंय?" "ते बदलावं लागतं?"

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. चाकाजवळच्या तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफ होते, आणि पेडल दाबलं की नुसती वाफच दबते. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, पेडल पुन्हा टणक. म्हणूनच असा फॉल्ट गॅरेजला आल्यावर सापडत नाही.

पण ब्रेक एवढे का तापले? गडावर रोज शेकडो गाड्या चढतात-उतरतात. मी विचारलं, "घाट कितव्या गिअरला उतरलात?"

"तिसऱ्या. दुसरा पडतच नाही हो भाऊ, खर्र करतो. दिवाळीत गिअरचं ऑइल बदललं तेव्हापासून." उतारावर खालच्या गिअरला इंजिनच गाडी आवरतं. तिसऱ्यात ते कमी आवरतं, मग सगळा भार ब्रेकवर.

डिकीत उरलेल्या ऑइलचा डबा होता. ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५. पहिला आकडा ऑइलच्या जाडीचा, जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा. क्राऊनमध्ये, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या गिअरमध्ये, घातलं तेच गिअरबॉक्समध्येही ओतलेलं! गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला स्वच्छ लिहिलंय: ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. क्राऊन-पिनियनचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरत फिरतात, तिथे जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची भारी मात्रा लागतेच. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या पितळी रिंगेला मात्र गिअर पडण्याआधी त्याचा शंकूसारखा भाग (कोन) घट्ट पकडून वेग जुळवायचा असतो. तिला एवढं निसरडं आणि वर इतकं जाड ऑइल दिलं तर ती पकडणार कशी? शिवाय काही जीएल-५ ऑइलं पितळ खातात. "भारी ऑइल टाकलंय" असं लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा मला धडकीच भरते.

आधी गिअरबॉक्सचा ऑइल भरायचा नट सैल केला, मगच खालचा काढला. पोराला हे दर वेळी बजावतो. ऑइल काढून टाकलं आणि वरचा नट गोल झाला तर गाडी जागेवरच. खाली आलेल्या ऑइलवर टॉर्च मारला, तर सोनेरी चकाकी. रिंगांचा चुरा. मग पुस्तकातलं जीएल-४ भरलं.

ब्रेक ऑइल आणायला पाठवलेल्या पोराचा फोन: "डॉट ५ आहे म्हणतात, आणू का? महाग आहे." ते सिलिकॉनचं, आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. ५.१ चाललं असतं, पण पुस्तकात डॉट ४ होतं, तेच सीलबंद मागवलं. मागच्या डाव्या चाकापासून एअर काढत गेलो, बाटलीत स्वच्छ पिवळसर ऑइल येईपर्यंत. क्राऊनची लेव्हल बघितली, तिथे तक्रार नव्हती.

संध्याकाळी गरम गाडीत तिसऱ्यावरून दुसरा सरळ पडला. सकाळी थंड असताना अजून कुरकुरतो. झिजलेल्या रिंगा ऑइलने भरून येत नाहीत. मास्टर सिलिंडरचे पैसे वाचले, ते गिअरबॉक्सला लागतील म्हटलं. यात्रा उरकली की उतरवायचा ठरलाय. डिकीतला डबा त्याने क्राऊनसाठी ठेवलाय, वर मार्करने तसं लिहूनही दिलं.