फोटो काढा

परवा आईचा फोन आला. "अरे, ते अॅप 'फोटो काढा' म्हणत होतं, म्हणून दाबलं. नवा निघाला नाहीच, बारशातला चांगला होता तोही गेला!"

मी काय बोलणार? असल्या बटणांचं मराठी करण्यावरच माझं पोट आहे. एक्सेलच्या तक्त्यात एकाखाली एक इंग्रजी शब्द येतात. कुठला शब्द कुठल्या स्क्रीनवर बसणार, हे बहुतेक वेळा दिसत नाही. 'रिमूव्ह' आलं की हात आपसूक 'काढा' लिहून मोकळा होतो.

बोलताना हे 'काढा' कधी अडत नाही. तिकीट काढलं की हातात येतं, खिळा काढला की भिंतीतून जातो. रांगोळी काढली की दारात उमटते, कर्ज काढलं की अंगावर येतं. सर्दी झाली तर आपण काढा पितोसुद्धा. आजूबाजूचं बोलणं त्याला सांभाळून घेतं. बटणाला आजूबाजूच नसते. तिथे 'काढून टाका' लिहिलं असतं, तर आईचा फोटो वाचला असता.

इंग्रजीतही हे होतंच म्हणा. अॅपलचा 'लिसा' संगणक १९८३ साली बाजारात आला. त्याआधीच्या चाचण्यांत एका बटणावर 'डू इट' (Do It) होतं. दोन शब्दांतली फट इतकी अरुंद आणि मोठा I छोट्या l सारखा, की एका माणसाने ते 'डोल्ट' (Dolt) वाचलं. डोल्ट म्हणजे मठ्ठ. तो चिडला आणि बटणावर 'ओके' आलं.

पण खरा छळ 'रद्द करा'चा. 'तिकीट रद्द करायचं आहे का?' असा प्रश्न आणि खाली दोन बटणं: 'ठीक आहे', 'रद्द करा'. आता रद्द काय होणार, तिकीट की तिकीट रद्द करणं? मी एकदा तिथे 'तिकीट राहू द्या' सुचवलं होतं. इतकं सरळ मराठी मला त्या आठवड्यात दुसरं सुचलं नव्हतं. बटणात मावत नाही म्हणून ते परत आलं.

आईला बारशातला फोटो पुन्हा पाठवला, कुठे कुठे दाबायचं ते सांगितलं. लागला एकदाचा. दोन मिनिटांनी पुन्हा फोन.

"अरे, पण यात माझे डोळे मिटलेत. नवीनच काढू का?"

"काढ," मी म्हणालो, आणि जीभ चावली. "थांब, थांब! कुठलं बटण दिसतंय ते आधी वाच."