बंप स्टॉपवरचा चिखल

पिकअपचा मालक आला तो एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात खोकं घेऊन. खोक्यात लालभडक बंप स्टॉपची जोडी, म्हणजे खड्ड्यात चाक फार वर आलं की त्याला अडवणारे ठोकळे. "दादा, एवढे बसवून द्या. लेव्हलिंग केल्यापासून पुढून आवाज येतोय. सगळे म्हणतात, लेव्हलिंग केलं की बंप स्टॉप बदलावेच लागतात."

हे "सगळे" म्हणजे कोण, ते मी कधी विचारत नाही.

पिकअपचं नाक कारखान्यातूनच जरा खाली असतं. माल भरला की मागचे पाटे बसतात आणि गाडी सरळ होते, त्यासाठी ठेवलेला तो फरक आहे. पण रिकामी गाडी शेपूट वर करून उभी राहते आणि ते मालकांच्या डोळ्यांना खुपतं. मग पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकून नाक उचलायचं. हेच लेव्हलिंग. या गाडीत ३० मिलिमीटरचा होता. शॉकअप खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीला, साधारण मध्यावर धरलेला, त्यामुळे वरचे ३० चाकापाशी जवळपास ६० झाले होते.

गाडी घेऊन चक्कर मारली. बारीकसारीक खड्ड्यांत काही नाही. एका खोलगट जागी जरा वेगात घातली आणि पायाखाली "ठण्ण" झालं. बंप स्टॉप लागला की "धप्प" होतं, रबराचा आवाज. हा लोखंडाचा होता. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

रॅम्पवर घेतल्यावर पहिली बॅटरी मारली ती चेसीवरच्या बंप स्टॉपवर. स्टॉपच्या तोंडावर चिखल सुकलेला, तळं आटल्यावर जमीन भेगाळते तसा भेगाळलेला. एक ढपली उडालेली नाही. म्हणजे आर्म तिथवर पोचलेलाच नाही.

मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो. "हे खोकं परत करा. तुमचा बंप स्टॉप लागतच नाही, बदलून काय करणार? गाडी वर आपटत नाही, खाली सुटताना आपटतेय." असं म्हणायला कारण होतं. टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी बार, पिळून नाक उचललेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. त्यांत चाकाची वर जायची चाल वाढते, खाली सुटायची कमी होते, आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना आर्म सुटण्याच्या मर्यादेवर जाऊन ठोका देतो. लोकांना वाटतं सस्पेन्शन बसलं. प्रत्यक्षात ते सुटलेलं असतं.

पण ही टॉर्शन बारची गाडी नव्हती, आणि ते मला गॅरेजमधल्या पोराने दाखवून दिलं. शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवून तो म्हणाला, "उस्ताद, इथे तेल आहे." दांड्याच्या सीलवर ओलसर थर, त्याला धूळ चिकटलेली. वरच्या माउंटपाशी रंगाला केसाएवढी चीर. नुसत्या सुटण्याने मला हे पटेना.

मग केबल टाय काढला. शॉकअपच्या दांड्यावर तो घट्ट बसवायचा आणि सरकवून सीलला टेकवायचा. शॉकअप जितका दबेल तितका टाय दांड्यावरून सरकतो आणि शेवटच्या जागी थांबून राहतो. तीच खोलगट जागा, तोच वेग. परत आल्यावर टायच्या जागी मार्करने रेघ मारली, शॉकअप उतरवला, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लावून भोवतीची स्प्रिंग काढली आणि दांडा हाताने पार आत दाबला. टाय रेघेवरून हलला नाही. म्हणजे रस्त्यावरही दांडा पार शेवटापर्यंत गेला होता. पिस्टन तळाला आपटत होता आणि "ठण्ण" तिथूनच येत होतं.

आता बंप स्टॉपचं काय, ते बघायला स्प्रिंगशिवायच शॉकअप स्पेसरसकट परत लावला आणि आर्मखाली जॅक दिला. आर्म वर, वर, आणि एकदम गच्च. शॉकअप संपला होता. बंप स्टॉपच्या तोंडात आणि आर्ममध्ये मात्र फट शिल्लक. ३ मिलिमीटरचं ड्रिल बिट त्यातून आरपार गेलं.

चिखल शाबूत होता तो म्हणूनच. बंप स्टॉपची पाळी यायच्या आधीच शॉकअप मध्ये पडून मार खात होता. स्पेसरने शॉकअप चेसीपासून ३० मिलिमीटर खाली ढकलला, म्हणून तो तेवढा आधी संपायला लागला, आणि चेसीवरचा बंप स्टॉप होता तिथेच राहिला. बंप स्टॉप शॉकअपच्या दांड्यावरच असता तर तोही स्पेसरबरोबर खाली आला असता आणि ही वेळ आली नसती. पण इथे तो चेसीवर होता.

मालकाला चहा पाजून मी माझा सकाळचा निकाल मागे घेतला. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे लाल वाले बसवायचे ना?"

मी जुना काढून लाल वाल्याशेजारी बाकावर उभा केला आणि वर पट्टी आडवी ठेवली. दोन्ही ४५ मिलिमीटर. पट्टी जराही कलली नाही. लाल वाला भरीव पॉलियुरेथेनचा, नखही रुतत नव्हतं. कारखान्याचा बारीक छिद्रांच्या फोमचा. आर्म टेकला की फोम आधी हळूच दबतो, मग कडक होत जातो, एक प्रकारे दुसरी स्प्रिंगच. लाल वाला बसवला असता तर त्याच्याही तोंडावर चिखल तसाच वाळला असता. तो किती कडक आहे याला अर्थ नव्हता, कारण आर्म त्याला शिवणारच नव्हता. कमी पडत होती ती उंची.

आणि उंची तरी किती वाढवायची? बंप स्टॉप शॉकअपच्या शेजारीच टेकतो, म्हणून ३० मिलिमीटरचा गुटका, म्हणजे ठोकळा, चेसी आणि फोमच्या मध्ये दिला की हिशेब जुळतो. पण मला चेसीपासून एवढा लोंबणारा बंप स्टॉप आवडत नाही, आणि ६० मिलिमीटर उचललेल्या गाडीत बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट या चाकाच्या सांध्या-दांड्यांचे कोनही मला नको वाटतात. म्हणून स्पेसर निम्मा, १५ चा करायचा, आणि चेसी आणि कारखान्याच्याच फोमच्या मध्ये १८ चा अॅल्युमिनियमचा गुटका द्यायचा. शॉकअप १५ वर गेला, बंप स्टॉप १८ खाली आला. १५ अधिक १८ म्हणजे ३३, आणि लागत होते ३०. बंप स्टॉप आता शॉकअपच्या आधी लागणार, तेही कारखान्याच्या हिशेबापेक्षा ३ मिलिमीटर जास्तीच्या सोयीने.

"पण मग नाक थोडं खालीच राहणार," मालक.

"थोडंसं. माल भरता ना?"

"भरतो."

"मग भरल्यावर बघा."

त्याने जरा कुरकुर केली, मग हो म्हणाला. शॉकअप दोन्ही नवे घातले, गळणारे ठेवण्यात अर्थ नव्हता. अलाइनमेंट केलं, हेडलाइट परत जुळवल्या. लेव्हलिंग करताना तेही कोणी केलं नव्हतं, रात्री समोरचे किती शिव्या घालत असतील कोण जाणे. नव्या दांड्यावर जुन्या रेघेच्याच जागी रेघ मारली, नवा टाय बसवला आणि तसाच राहू दिला.

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा पोरगा माझ्या आधी बॅटरी घेऊन खाली शिरला. फोमच्या तोंडावरचा चिखल मधोमध उडालेला, तिथे नाण्याएवढा काळा चकचकीत ठिपका. टाय रेघेच्या ११ मिलिमीटर अलीकडे थांबलेला.

लाल जोडी मालकाच्या सीटखाली आहे, खोक्यासकट.