तीन पायांचा बैल

दळण जुनं झालं आणि पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, गेली की आमच्या सासूबाईंची सकाळ बिघडते. भाकरी थापताना कडेला चीर पडली की आधी गिरणीवाल्याचा उद्धार, मग दुकानदाराचा आणि शेवटी, नाव न घेता, माझा. ज्वारी आमची चांगली, कृषी विद्यापीठाचं 'परभणी मोती' वाण. पण पंधरा दिवसांच्या पिठाला विरी कुठून राहणार? मग आधणाचं पाणी ओतायचं, तळहाताच्या टाचेनं पीठ रगडायचं आणि ते एकजीव होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.

अशा घरात मी मागच्या डिसेंबरात जाहीर केलं की आज एक बिस्किट करायचंय, त्यात विरी येऊच द्यायची नाही. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "येडी झालीस का? विरी नको म्हणायलीस?"

बिस्किटाचं नाव शॉर्टब्रेड. मूळ स्कॉटलंडचं. वजनानं एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. सोडा नाही, अंडं नाही, पाण्याचा थेंब नाही. नावातल्या 'शॉर्ट'चा लांबी-रुंदीशी संबंध नाही. इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थच ठिसूळ असा आहे. मैद्याला पाणी लागलं आणि मळलं की त्यात ग्लुटेनचे चिवट धागे तयार होतात. आधीच कणाकणाला लोणी चोळलं तर पाण्याला आत वाट मिळत नाही आणि धागे जुळत नाहीत. एवढं सगळं मी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मोहनच की." मी अर्धा तास वाचून काढलेलं त्यांनी एका शब्दात आटोपलं. शंकरपाळ्याला मोहन कमी पडलं की दाताखाली काय होतं, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला स्कॉटलंडनं काय शिकवायचं!

लहानपणी आम्हाला बिस्किट घरी करतात हेच माहीत नव्हतं. माहेर लातूरकडचं. दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन आई बेकरीच्या भट्टीवर जायची, पत्र्याचा डबा माझ्या डोक्यावर. तिथे नंबर लागायचा. भट्टीवाले चाचा सगळं ओट्यावर ओतून कोपरापर्यंत हात घालून मळायचे आणि आई त्यांच्या हातावरची नजर हलवायची नाही. आपला डालडा दुसऱ्याच्या घाण्यात जाईल, ही भीती त्या काळी घरोघरी होती. मशीनचा दांडा फिरवला की पुढून रेघांच्या पट्ट्या निघायच्या, चाचा त्या सुरीनं कापायचे. आकार एवढाच. लांब किंवा आखूड. नानकटाई मात्र गोल, आणि ती भट्टीत पसरून, तडकून बाहेर यायची. त्या तडकण्याचंच कौतुक. तिला कुणी चांदणीचा आकार दिला असता तरी सोड्यानं तो पुसून टाकला असता.

शॉर्टब्रेडमध्ये फुगवणारं काही नसतं, म्हणून कापलेला आकार टिकतो. अट एकच, गोळा गार हवा. मे महिन्यात आमच्याकडे लोणी पातेल्यात बघता बघता वितळतं, तेव्हा हा उद्योग करूच नये. पण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आमच्या गावाला डिसेंबरात खरोखर जर्मनीची हवा येते. पारा एक आकड्यावर उतरला की पेपरात पहिल्या पानावर परभणी. फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यांमुळे जागा नव्हती. गोळा ताटलीखाली झाकून रात्रभर खिडकीत ठेवला, सकाळी विटेसारखा घट्ट.

पीठ मळण्याआधीच तीन भागांत वाटलं होतं. एकात वेलची आणि जायफळ. दुसऱ्यात जालन्याच्या मोसंबीची साल, फक्त वरची, बारीक किसणीवर. पांढरा भाग आला की कडू होतं. तिसऱ्यात चौथा हिस्सा मैदा काढून ज्वारीचं पीठ घातलं. स्कॉटलंडातही थोडं तांदळाचं पीठ घालतात, आणखी ठिसूळ व्हावं म्हणून. ज्वारीत ग्लुटेन नसतंच, त्यामुळे ज्या पिठानं भाकरीला रडवलं ते इथे शहाण्यासारखं वागलं. चव म्हणाल तर भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची आठवण येते. मला तीच सगळ्यात आवडली, लेकीला अजिबात नाही.

साचे बाजारात मिळाले नाहीत. चाळण्या आणि डबे करणाऱ्या पत्रेवाल्याकडे कागदावर चित्रं काढून नेली. चांदणी त्यानं झकास केली. नाताळचं झाड सुरूसारखं उंच झालं, चालेल. तिसरा साचा लेकीच्या हट्टाचा, बैल. पोळ्याला मातीचे बैल केले होते, ते तिच्या डोक्यातून गेले नव्हते. "शिंगं बारीक करू नका," मी दोनदा सांगितलं. शिंगं त्यानं जाड केली, पाय बारीक.

ओव्हन १६० वर. बारा मिनिटं झाली आणि लाइट गेली. दार उघडू नकोस, असं मी स्वतःलाच बजावलं आणि तशीच समोर बसून राहिले. आतली उष्णता किती वेळ पुरते, हे त्या दिवशी कळलं. चाळीस मिनिटांनी बाहेर काढलं तेव्हा चांदण्या फिक्या, कडेला जेमतेम गव्हाळ. शॉर्टब्रेड असंच फिकं हवं असतं. मी ते श्रेय गपचूप घेतलं. बैल मात्र गरम असतानाच उचलायला गेले आणि सातही बैलांचे पाय कमीजास्त ट्रेला राहिले.

हा सगळा खटाटोप शेजारच्या बाईंसाठी. शाळेतून रिटायर झाल्या, माहेर जालन्याचं. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम तिथे उभं केलं, शहराजवळ बेथेल हे गाव वसवलं. म्हटलं, स्कॉटलंडचा एवढा जुना संबंध, बाईंना हे बिस्किट घरचं वाटेल. आमच्या दिवाळीचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळचं त्यांच्याकडून येतं, आणि रिकामं ताट परत करायची रीत दोन्ही घरी नाही.

त्यांच्या ताटात करंज्या, चिवडा, अनारसे. माझ्या ताटात चांदण्या आणि सुरूची झाडं. दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघून हसलो. "आमच्या आजीनं असलं कधी केलं नाही हो," बाई म्हणाल्या. "अनारसे मात्र तिच्यासारखे कुणाला जमले नाहीत." मग ज्वारीचा तुकडा तोंडात टाकला, थोडं थांबल्या आणि दुसरा उचलला.

बैल मी ताटात ठेवलेच नव्हते, पण लेकीनं त्यातल्या त्यात बरा, तीन पायांचा, मुठीत आणला होता. मी ओशाळले. बाईंनी तो तळहातावर घेतला, दिवाणखान्यातल्या टेबलावर मांडलेल्या गव्हाणीपाशी गेल्या. कडब्याच्या चार काड्या, मातीचं बाळ, दोन मेंढ्या. बैल नव्हता. त्यांनी आमचा कडब्यात आडवा टेकवला, पाय काड्यांखाली गेले.

"बसलाय तो," त्या लेकीला म्हणाल्या. "रात्रीची वेळ आहे ना."