मतमोजणीचा दिवस आणि ओपन ऑफरचा नववा दिवस

कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेणाऱ्याने बाकीच्या भागधारकांचेही शेअर ठरलेल्या दराने घेण्याची जी तयारी दाखवावी लागते, ती ओपन ऑफर. तिच्यात शेअर द्यायला दहा कामाचे दिवस मिळतात. एका मध्यम रसायन कंपनीच्या ऑफरचा नववा दिवस नेमका ४ जून २०२४ ला आला, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी. गोव्यात डिचोलीतल्या आमच्या ब्रोकर शाखेत बाजार उघडण्याआधीच माणसं जमली होती. निवृत्त मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले एक भाई, खाणी जोरात असताना बार्ज (नदीतून खनिज नेणारी बोट) चालवणारे एक गृहस्थ, मयेहून आलेल्या एक वहिनी. कुणाकडे या कंपनीचे पन्नास शेअर, कुणाकडे पाचशे. कंपनीचं नाव इथे देत नाही आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून तिचे आकडे पूर्णांकात घेतो.

जुन्या प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपला ४८ टक्के हिस्सा दुसऱ्या उद्योगाला विकला होता. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार २५ टक्क्यांची रेषा ओलांडणाऱ्याला उरलेल्या भागधारकांसाठी किमान आणखी २६ टक्क्यांची ऑफर काढावीच लागते. दर होता ६४० रुपये. हा दर खरेदीदाराच्या मर्जीवर नसतो. प्रवर्तकांशी झालेल्या करारातला दर, खरेदीदाराने मागच्या ५२ आठवड्यांत दिलेल्या दरांची सरासरी, मागच्या २६ आठवड्यांत दिलेला सर्वांत मोठा दर आणि बाजारातली ६० दिवसांची सरासरी, यांत जो जास्त असेल तो किमान द्यावा लागतो.

सोमवारी, ३ जूनला, एक्झिट पोलच्या आनंदात सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वर जाऊन ७६,४६९ वर बंद झाला होता आणि आपला शेअर ६७१ वर. बाजारात ६७१ मिळताहेत, मग ६४० ला द्यायचे कशाला, असं मास्तरांचं म्हणणं. सोमवारपुरतं ते अगदी बरोबर होतं. २०२२ मध्ये अंबुजा आणि एसीसी या सिमेंट कंपन्यांची ऑफर अनुक्रमे ३८५ आणि २,३०० रुपयांना आली तेव्हा बाजारभाव वर होता, म्हणून फारच थोडे शेअर ऑफरमध्ये गेले. बाजार जास्त देत असेल तर बाजारातच विकावं, त्यात वेगळं काही शिकण्यासारखं नाही.

मंगळवारी कल जसजसे येऊ लागले तसतसा बाजार घसरत गेला. दुपारी सेन्सेक्स ६ हजारांहून अधिक अंकांनी खाली होता. घसरण १० टक्क्यांना टेकली असती तर दुपारी एकच्या आत सगळा बाजार ४५ मिनिटांसाठी थांबला असता, एक ते अडीचच्या दरम्यान १५ मिनिटांसाठी. ती वेळ आली नाही. आमच्या पडद्यावर कंपनीचा शेअर ५९८ ला आला. सरकारी बँका आणि सरकारी कंपन्या तर त्याहून किती तरी जोरात आपटल्या होत्या.

मग खोलीत राजकारण सुरू झालं. सरकार आघाडीचं येणार, धोरणं बदलणार, परदेशी पैसा निघून जाणार. बार्जवाल्यांनी त्यावर थेट विचारलं, “सरकार डळमळलं तर हा सौदाच मोडणार नाही का? मग ६४० कुठले?”

या प्रश्नाचं उत्तर ऑफरच्या पत्रात होतं. ते बाहेर काढलं आणि दोन परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवले. खरेदीदाराला ऑफर मागे घ्यायला नियमांनी फार थोडी दारं ठेवली आहेत: कायद्याने लागणारी मंजुरी नाकारली गेली, खरेदीदार व्यक्ती असेल आणि ती वारली, करारातली आधीच जाहीर केलेली आणि खरेदीदाराच्या हाताबाहेरची अट पूर्ण झाली नाही, किंवा सेबीनेच तशी परवानगी दिली. सेन्सेक्स पडला हे त्यांतलं कारण नाही. या कंपनीला स्पर्धा आयोगाची मंजुरी आधीच मिळालेली होती. शिवाय पैशाची तजवीज आधी करावी लागते. ऑफरच्या एकूण रकमेपैकी पहिल्या ५०० कोटींवर २५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १० टक्के एस्क्रोमध्ये, म्हणजे खरेदीदाराला हात लावता येणार नाही अशा राखीव खात्यात, ठेवावे लागतात. आणि दर वाढवता येतो, तोही शेअर देण्याची मुदत सुरू होण्याआधी. कमी करता येत नाही. बाजाराला घाम फुटलेल्या त्या दिवशी छोट्या भागधारकाच्या हातात ६४० चा पक्का गिऱ्हाईक होता. मुदत संपेपर्यंत हा हक्क फुकट असतो, म्हणूनच तो पहिल्याच दिवशी वापरून टाकू नये, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. एकदा शेअर दिले की ते मागे घेता येत नाहीत.

पण राजकारणाचा आणि कंपनीच्या मालकीचा काही संबंधच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. डिचोलीत तर नाहीच. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडलं. इथल्या कित्येक घरांत सेसा गोवा या खाण कंपनीचे शेअर होते. त्या कंपनीतला मित्सुईचा ५१ टक्के हिस्सा २००७ मध्ये वेदांताने घेतला, २००९ मध्ये तिने धेंपोंचा खाण व्यवसाय विकत घेतला, २०१३ मध्ये स्टरलाइट तिच्यात विलीन होऊन सेसा स्टरलाइट झाली, २०१५ मध्ये नाव वेदांता झालं. विलीनीकरणात स्टरलाइटच्या पाच शेअरांना सेसा गोव्याचे तीन मिळाले. बार्जवाल्यांना हा सगळा इतिहास पाठ आहे, कारण खाण बंद झाली त्या दिवशी त्यांचा धंदा आणि त्यांचे शेअर दोन्ही एकदम बसले. जमीन, लीज, परवाना, स्पेक्ट्रम यांवर चालणाऱ्या कंपनीत राजकारण थेट ताळेबंदात शिरतं. रसायन कंपनीच्या ओपन ऑफरमध्ये ते इतक्या सहज शिरू शकत नाही.

दुसरी जागा म्हणजे सरकार स्वतः मालक असतं तिथे. बँकवाल्या भाईंकडे याचे दोन पक्के दाखले होते. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने एचपीसीएलमधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. एवढी मालकी सरकली तरी छोट्या भागधारकांसाठी ओपन ऑफर आली नाही, कारण शेवटचं नियंत्रण सरकारकडेच राहिलं. सौद्याचा दर बघून ऑफरच्या आशेने शेअर धरून बसलेल्यांच्या हाती काही आलं नाही. दुसरा दाखला बँकांच्या विलीनीकरणाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषणा झाली आणि १ एप्रिल २०२० पासून सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, १,००० शेअरांना कॅनराचे १५८ या प्रमाणात. ज्याच्याकडे सिंडिकेटचे १०० होते त्याला १५.८ चा हक्क, म्हणजे १५ शेअर आणि ०.८ चे पैसे. इथे ‘देतो’ किंवा ‘देत नाही’ म्हणायला दारच नव्हतं. रोख हवी असलेल्याला किंवा कॅनराचे शेअर नको असलेल्याला आधी बाजारात विकून बाहेर पडणं एवढाच मार्ग होता.

मास्तरांनी एनडीटीव्हीचा विषय काढला आणि पुन्हा आवाज चढले. कुणाच्या हातात वाहिनी गेली, का गेली, यावर दुपारभर वाद चालला असता. भागधारकाने मात्र त्यातला आकडा लक्षात ठेवावा. २०२२ मध्ये अदाणी समूहाची ऑफर २९४ रुपयांना होती, बाजारभाव त्याहून वर होता, तरीही काहींनी शेअर ऑफरमध्ये दिले. पुढे त्याच समूहाने जुन्या प्रवर्तकांचे शेअर ३४२.६५ ला घेतले, तेव्हा ऑफरमध्ये दिलेल्यांनाही प्रत्येक शेअरमागे ४८.६५ रुपये वरचे मिळाले. मुदत संपल्यापासून २६ आठवड्यांच्या आत खरेदीदाराने जास्त दराने असा खाजगी सौदा केला तर फरक द्यावा लागतो, असा नियमच आहे. ज्यांचं बँक खातं डीमॅटशी नीट जोडलेलं आहे त्यांना ही रक्कम मागायलाही जावं लागत नाही.

दुपारनंतर बोलणं कमी आणि काम जास्त. सगळ्यांनी विचारलेला प्रश्न एकच, माझे किती घेणार? प्रवर्तकांचे ४८ गेले, लोकांकडे ५२ उरले, ऑफर २६ ची. सगळ्यांनी सगळे शेअर दिले तरी अर्धे घेतले जाणार, हा तळ. म्युच्युअल फंडांनी हात आखडता घेतला तर स्वीकृती वाढते. म्हणून २०० शेअरांपैकी १०० चे पैसे हवे असतील तर २०० द्यावेत. १०० दिले तर कदाचित ५० च जातील. राहिलेले परत आपल्या खात्यात मोकळे होतात. आणि ऑफर संपल्यावर ६४० चा टेकू निघून गेलेला असतो, त्यामुळे परत आलेल्यांचा भाव पडू शकतो. तेव्हा हिशेब दोन्ही भागांची सरासरी काढून करायचा. निम्मे ६४० ला आणि निम्मे ५८० ला गेले तर हातात ६१०, मग आज बाजारात ६१२ मिळत असताना काय करावं? ज्यांना पैशाची घाई होती त्यांना आम्ही हा आकडा कागदावर मांडून दिला आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडलं.

नंतर अडचणी सुरू झाल्या, आणि त्या दर वेळी याच असतात. बोली ब्रोकरमार्फत एक्स्चेंजच्या ऑफर खिडकीत जाते आणि शेअर आपल्याच डीमॅट खात्यात लिएनने (ऑफरसाठी राखून ठेवल्याच्या नोंदीने) अडकवले जातात. डीडीपीआय (आपले शेअर हलवण्याचा ब्रोकरला दिलेला लेखी अधिकार) दिलेला नसेल तर टीपिन (डीमॅट खात्याचा पिन) आणि ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाइलवर. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या खात्याला मुलाचा नंबर, आणि मुलगा इंग्लंडला नाहीतर आखातात. तिथे फोन लागेपर्यंत तास जातो. दुसरी अडचण गहाण शेअरांची: मार्जिनसाठी (ब्रोकरकडे तारण म्हणून) ठेवलेले शेअर आधी सोडवावे लागतात, तेही त्याच दिवशी होईलच असं नाही. तिसरी वेळेची: एक्स्चेंजची खिडकी साडेतीनपर्यंत उघडी असली तरी ब्रोकर आपली अंतर्गत वेळ पुष्कळ आधी ठेवतात. म्हणून निर्णय दहाव्या दिवशी घ्या, पण फोन नंबर, डीडीपीआय आणि गहाण यांची तपासणी आठव्या दिवसाच्या आत उरका.

कागदी शेअरवाल्यांना वेगळीच घाई. २०१९ च्या एप्रिलपासून कागदी शेअर हस्तांतरित होत नाहीत, पण ओपन ऑफरमध्ये देता येतात. मूळ सर्टिफिकेट, शेअर हस्तांतराचा एसएच-४ फॉर्म, पॅनची स्वाक्षरी केलेली प्रत, सगळं मुदतीत रजिस्ट्रारच्या, म्हणजे कंपनीच्या शेअरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, हातात पडायला हवं. आपल्याकडे जुन्या सर्टिफिकेटवर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं आणि पॅनवर आजचं इंग्रजी, यामुळे बोली नाकारली जाते. त्याचं प्रतिज्ञापत्र ऑफर येण्याची वाट न बघता आधीच करून ठेवलं पाहिजे.

करात मात्र गोव्याला एक सोय आहे आणि ती बाहेरच्या सल्लागारांना ठाऊकच नसते. पोर्तुगीज नागरी संहितेखाली लग्न झालेल्या आणि वेगळा विवाहपूर्व करार न केलेल्या पती-पत्नीचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न २०२४ मध्ये लागू असलेल्या आयकर कायद्याच्या ५ए कलमाने अर्धं अर्धं वाटलं जातं. भांडवली नफाही त्यात येतो. शेअर एकट्या नवऱ्याच्या नावावर असले तरी नफा दोघांच्या विवरणपत्रात जातो आणि दीर्घकालीन नफ्यावरची सूट दोघांनाही मिळते. त्या वेळी ती १ लाख होती आणि त्यावर दर १० टक्के. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला, आणि सूट २०२४-२५ या पूर्ण आर्थिक वर्षासाठी १.२५ लाख झाली. ऑफरचा व्यवहार एक्स्चेंजवरून होतो, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) भरला जातो, म्हणून हा दर लागू होतो. विवरणपत्र आयटीआर-१ चालत नाही. ५ए चं परिशिष्ट असलेला फॉर्म भरावा लागतो.

मयेच्या वहिनींचे शेअर त्या ऑफरमध्ये जाऊ शकले नाहीत. खातं वारलेल्या यजमानांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी नाही. दुसरा धारक असता तर मृत्यूचा दाखला आणि एका फॉर्मवर काम झालं असतं. त्यांना आता वारसांचा विशेष नोटरीकडचा (म्हणजे उपनिबंधकाकडचा) लेख किंवा न्यायालयातली इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी आणि वाटणी), यांपैकी एक लागणार होतं. गोव्यात २०१२ च्या वारसा कायद्याने ही वाट आहे, आणि निम्मी मालमत्ता पत्नीची मुळातच असते. अडचण अशी की मुंबईतल्या एका रजिस्ट्रारकडून असले कागद ‘सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालयाचा वारस दाखला) जोडा’ एवढा शेरा मारून परत येतात. म्हणून आम्ही अशा फायलीसोबत कायद्याची प्रत आणि वकिलाचं एक पानी पत्र पहिल्याच खेपेला जोडतो. नॉमिनी भरायला पाच मिनिटं लागतात आणि ती न दिल्याचा त्रास विधवा बाईला वर्षभर होतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

संध्याकाळी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली, ७२,०७९ वर बंद झाला. उत्तर गोव्यात श्रीपाद नाईक आणि दक्षिणेत विरियातो फर्नांडिस निवडून आले होते. बुधवारी, दहाव्या दिवशी, बाजार २,३०३ अंकांनी उसळला आणि आपला शेअर ६३४ ला आला. मंगळवारी घाबरून पडक्या भावात बाजारात विकलेल्यांचा प्रत्येक शेअरमागे वीस-तीस रुपयांचा तोटा झाला. मास्तरांनी बुधवारी सकाळी अकरा वाजता आपले सगळे शेअर ऑफरमध्ये दिले. बार्जवाल्यांनी निम्मे दिले आणि निम्मे नव्या मालकावर विश्वास ठेवून राखले. भाईंनी कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीचं ऑफरबद्दलचं मत वर्तमानपत्रातून कापून आणलं होतं. त्यात दर ‘रास्त’ म्हटला होता, पण समितीतल्या एका सदस्याचं मत वेगळं होतं, आणि त्याची कारणं वाचून त्यांनी एकही शेअर दिला नाही.

स्वीकृती शंभराला ऐंशीच्या आसपास झाली. मुदत संपल्यावर दहा कामाच्या दिवसांच्या आत पैसे थेट बँकेत जमा झाले आणि उरलेल्यांवरचा लिएन सुटला. वहिनींची फाईल त्याच आठवड्यात डिचोलीच्या उपनिबंधक कार्यालयात गेली.